संगमेश्वरच्या घरी डीडी फ्री डिश: सिग्नल ८२, क्वालिटी ०, आणि पाऊस तोंडावर

चिऱ्याचं_घर

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या घरी डीडी फ्री डिश लावायचं आहे. केबल बंद झाली आहे, खासगी डीटीएचचं रिचार्जही थांबवलेलं आहे. त्या डीटीएचची ६० सेंटिमीटरची डिश आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) भिंतीवर तशीच आहे, म्हणून फक्त एमपीईजी-४ सेट-टॉप बॉक्स नवा आणला.

परिस्थिती अशी: डिश ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहावर लावलेली होती. एलएनबीच्या लेबलवर ९७५०/१०६०० लिहिलं आहे. डिशपासून माजघरातल्या टीव्हीपर्यंत साधारण २८ मीटर आरजी-६ केबल, मध्ये एक जोड. बॉक्स लावल्यावर सिग्नल ८२ दाखवतो, क्वालिटी शून्य. डिश थोडी डावी-उजवी करून पाहिली, क्वालिटी हलत नाही.

विचारायचं ते असं. ८२ सिग्नल असताना चित्र का नाही? जुनी डिश चालेल का, की मोठी घ्यावी? आग्नेयेला एक फणस आहे, तो आड येईल का? पडवीतल्या दुसऱ्या टीव्हीत आतच सॅटेलाइट ट्यूनर आहे, त्याला याच डिशवरून जोड देता येईल का? आणि माळ्यावर जुना काड्यांचा अँटेना पडला आहे, तो काही कामाचा? मृग लागायच्या आत उरकायचं आहे.

---

ओळंबा

ताई, आधी त्या ८२ वरचा विश्वास काढून टाका. ‘सिग्नल’ किंवा ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती ऊर्जा येते ते. एलएनबी स्वतःच ५० डीबीच्या (डेसिबलच्या) वर गेन देतो, म्हणजे सिग्नल तेवढा वाढवतो, त्यामुळे डिश आभाळात कुठेही रोखली तरी त्याचा नुसता आवाज, म्हणजे नॉइज, बॉक्सला ७०-८० दाखवायला पुरतो. त्या आकड्यातून एवढंच कळतं की एलएनबीला वीज मिळते आहे आणि केबल अगदीच तुटलेली नाही. डिश जुळली की नाही हे फक्त क्वालिटी सांगते.

आता बॉक्सचं सेटिंग. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक (अनेक एलएनबींतला एक निवडायची सोय) बंद. २२ किलोहर्ट्झ ऑटो किंवा बंद. ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरची वाहिन्यांची एक वाट) ११०९०, व्हर्टिकल (म्हणजे उभ्या लहरी), सिम्बॉल रेट २९५००. हे हाताने भरून त्याच पानावर थांबा आणि डिश हलवताना क्वालिटीची पट्टी बघत राहा. ऑटो स्कॅन आधी लावू नका. डिश चुकीच्या जागी असताना तो पाच मिनिटं खातो आणि शेवटी शून्य चॅनल म्हणतो.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. तुमची डिश ८३ ला. रत्नागिरी जिल्ह्यातून ८३ चा उपग्रह दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा) १५० च्या आसपास दिसतो, उंची क्षितिजापासून ६७ अंश. ९३.५ चा दिगंश १२८-१२९, उंची ५९ ते ६०. म्हणजे डिश पूर्वेकडे २१ अंश वळवायची आणि सुमारे ८ अंश खाली आणायची. ‘डावी-उजवी करून पाहिली’ यात उंची तशीच राहिली असणार. तसं केल्यावर डिश उपग्रहाच्या वरून निघून जाते, कितीही फिरवली तरी सापडत नाही. तुमचा शून्य तिथलाच आहे असं मला वाटतं.

काम असं करा. आधी पाइप ओळंब्यात आहे का बघा, दोन बाजूंनी. पाइप कलता असेल तर ब्रॅकेटवरची अंशपट्टी खोटं बोलते. ओळंबा नीट असेल तर पट्टीवर उंची ५९ ला आणून बोल्ट अर्धवट आवळा. मग पाइपावर आणि क्लॅम्पवर खडूने एक उभी रेघ मारा. दीड इंची पाइपाचा घेर साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे २१ अंश म्हणजे रेघेपासून फक्त ७ मिलिमीटर. एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा! हाताने ‘थोडीशी’ हलवलेली डिश सहज १० अंश जाते. मिलिमीटरभर सरकवा, हात काढा, तीन सेकंद थांबा, पट्टी बघा, मग पुढे. बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो.

मोबाइलचा कंपास वापरायचा तर लोखंडी पाइपापासून दोन पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि समोरची एखादी खूण धरा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे तिथे काही वजाबाकी नको.

एक सापळा. शेजारीच ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत आणि ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण ३ अंश रुंद असते. क्वालिटी आली पण स्कॅनमध्ये सगळे कुलूपबंद पैशाचे चॅनल आले, तर तुम्ही शेजाऱ्याकडे गेलात. डीडी नॅशनल आणि डीडी सह्याद्री यादीत दिसले की घर बरोबर.

फणसाचं उत्तर सोपं आहे. उंची ५९ अंश असल्यामुळे १० मीटर लांबचं झाड डिशपेक्षा १६-१७ मीटर उंच असेल तरच आड येईल. ५ मीटरवर असेल तर ८ मीटर. भिंतीला चिकटून वाढलेला माड जास्त त्रास देतो, आणि तोही वाऱ्याने झाप हलले की मध्येच, त्यामुळे कारण लवकर सापडत नाही.

---

कौलारू

एवढी खटपट कशाला? कोकणात ६० ची डिश टिकत नाही, ९० ची घ्या आणि विषय संपवा. एलएनबी सरळ ६ वाजता ठेवा, केबल खाली. आणि तो काड्यांचा अँटेना भंगारात द्या, दूरदर्शनची जमिनीवरची अॅनालॉग प्रक्षेपणं मोजकी सोडून २०२२ पर्यंत बंद झाली.

---

स्क्यू_४५

अँटेनाचं बरोबर. बाकीच्याला माझा विरोध आहे.

कौलारू भाऊ, ‘एलएनबी ६ वाजता’ हे जिथे उपग्रह नेमका दक्षिणेला असतो तिथे चालतं. आपल्याकडून जीसॅट-१५ बराच पूर्वेला आहे, त्यामुळे उपग्रहाचं ‘उभं’ आपल्याला तिरकं दिसतं. किती तिरकं, ते काढता येतं: पुण्यातून जवळपास ४५ अंश, रत्नागिरी जिल्ह्यातून ४८ च्या आसपास, नागपूरला ३३. फ्री डिश सगळी व्हर्टिकलवर आहे. एलएनबी ४५ अंश चुकीचा असेल तर निम्मी शक्ती वाया, म्हणजे ३ डीबी. आणि ६० ची डिश काढून ९० ची लावल्यावर मिळतात साडेतीन डीबी. म्हणजे हजार-दोन हजार रुपये आणि एका माणसाची मजुरी घालून जे मिळवायचं, त्यातलं बहुतेक एक स्क्रू सैल करून फुकट मिळतं. आधी तो स्क्रू सैल करा.

कसं फिरवायचं: डिशच्या पुढे, डिशकडे तोंड करून उभं राहा, एलएनबीची पाठ तुमच्याकडे. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. केबलचं तोंड ६ वर असेल तर साडेसातच्या आसपास येईल. ताईंची डिश ८३ ला नीट लावलेली असेल तर तिचा एलएनबी आधीच सुमारे २८ अंश फिरलेला असणार, मग आणखी २० च पुरेत. पण हा कागदावरचा हिशोब. काही एलएनबींचं तोंड मुळातच ६ च्या रेषेत नसतं, म्हणून शेवटचा शब्द क्वालिटीचा. दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवून जिथे पट्टी घसरायला लागते त्या दोन जागा पेन्सिलीने खुणवा आणि एलएनबी बरोबर मध्ये ठेवा. शिखर शोधत बसण्यापेक्षा हे नेमकं पडतं, कारण शिखर सपाट असतं आणि उतार तीव्र.

क्रम महत्त्वाचा: आधी डिश जुळवून क्वालिटी दिसू द्या, मग स्क्यू (एलएनबीचा हा तिरकेपणा), मग पुन्हा एकदा डिश बारीक. डिश जुळलेली नसताना एलएनबी फिरवून काहीच कळत नाही.

९० ला माझी ना नाही. धो धो पावसात तिचा फायदा आहेच. पण स्क्यू चुकवून लावलेली ९० आणि नीट लावलेली ६० यांत फरक उरतो अर्धा डीबी.

---

चिऱ्याचं_घर

खूप आभार. पाइप एका बाजूला कलला होता, पाचर मारून सरळ केला. उंची ५९ ला आणून रेघेपासून सरकवत गेल्यावर ६-७ मिलिमीटरवर क्वालिटी एकदम ३८ आली. एलएनबी फिरवून ५५. डीडी सह्याद्री दिसतंय.

पण दर पाच-सात मिनिटांनी चित्र गोठतं आणि क्वालिटी शून्य होऊन परत येते. वारा नाही, ढग नाही. मल्टिमीटरने एलएनबीच्या टोकाला केबल काढून मोजलं तर १३.१ व्होल्ट, मधल्या जोडापाशी मुद्दाम एलएनबी जोडलेला असताना मोजलं तर १०.८.

---

ओळंबा

मोजलंत ते उत्तम केलंत, उत्तर त्यातच आहे. भार नसताना १३.१ म्हणजे बॉक्स ठीक. भार आल्यावर १०.८ म्हणजे वाटेत कुठेतरी अडीच व्होल्ट पडताहेत. एलएनबी १०० ते १५० मिलिअँपिअर घेतो. चांगल्या आरजी-६ वर, अगदी तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेच्या केबलवरसुद्धा, २८ मीटरला अर्धा व्होल्टही पडायला नको. तेव्हा दोष केबलच्या लांबीत नाही, जोडात आहे. व्हर्टिकलला बॉक्स १३ च व्होल्ट देतो, हॉरिझॉन्टलला १८. त्यामुळे कुजका जोड १८ वर खपून जातो आणि १३ वर उघडा पडतो. एलएनबी साडेबारापर्यंत खुशाल चालतो, अकराच्या खाली झोपा काढायला लागतो. तापला, बंद पडला, निवला, सुरू झाला: तुमची पाच-सात मिनिटं ती हीच.

खाऱ्या दमट हवेत मधला जोड पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरतो. तो घासू नका, कापून टाका. शक्य असेल तर जोडच नको, सलग नवी केबल ओढा. २८ मीटरसाठी ३०-३२ घ्या, वळणांना लागते. जोड ठेवायचाच तर घराच्या आत ठेवा.

एफ कनेक्टर नवे, दाबून बसवायचे, पिळायचे नकोत. बाहेरचं आवरण साधारण १२ मिलिमीटर सोला, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या कडेशी समपातळीत आलं पाहिजे आणि मधली तार कडेबाहेर २-३ मिलिमीटर. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट, बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ म्हणेल किंवा गुपचूप वीज तोडेल. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. तार काळी पडली असेल तर ब्लेडने घासू नका, मुलामा निघतो आणि आतलं लोखंड गंजतं. तेवढा तुकडा कापून नवीन सोला.

---

दोन_टीव्ही

दुसऱ्या टीव्हीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी.

एरवी एका एलएनबीच्या तोंडावर दोन बॉक्स चालत नाहीत, कारण एकाला व्हर्टिकल पाहिजे असताना दुसरा हॉरिझॉन्टल मागतो आणि भांडण लागतं. फ्री डिशला ते भांडणच नाही. सगळे ट्रान्सपॉन्डर व्हर्टिकल आणि सगळे खालच्या बँडमध्ये, म्हणजे दोन्ही टीव्ही कायम तेच १३ व्होल्ट देणार आणि २२ किलोहर्ट्झ कुणीच नाही. म्हणून साधा दोन तोंडी स्प्लिटर पुरतो.

पण कुठला, इथे बरेच जण फसतात. केबल टीव्हीचा चांदीच्या रंगाचा स्प्लिटर असतो त्यावर ५-१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. एलएनबी ११०९० ला ९७५० वजा करून १३४० मेगाहर्ट्झवर खाली आणतो, म्हणजे तुमचा सिग्नल त्या स्प्लिटरच्या हद्दीबाहेर आहे. कधी कधी दोन-चार चॅनल येतात आणि बाकीचे येत नाहीत, माणूस मग डिशला दोष देत बसतो. ५-२४०० लिहिलेला सॅटेलाइटचाच घ्या. आणि त्यावर वीज दोन्ही तोंडांतून जाते का बघा. एकाच तोंडातून जाणारा घेतला तर माजघरातला बॉक्स बंद केला की पडवीतलं चित्र गेलं. दोन्ही तोंडांत डायोड असलेला मिळतो, किमतीत फार फरक नसतो.

स्प्लिटर ४ डीबीच्या आसपास खातो. एलएनबीच्या गेनपुढे ते काही नाही, त्यामुळे मध्ये लाइन अँप्लिफायर घालायचा मोह टाळा. तो नॉइजही तितकाच वाढवतो आणि आणखी दोन कनेक्शनं वाढवतो ती वेगळीच.

पडवीतल्या टीव्हीत मेनूमध्ये अँटेना ऐवजी सॅटेलाइट निवडा, एलएनबी पॉवर चालू करा, बाकी आकडे ओळंबा यांनी दिलेत तेच. पुढे कधी त्या टीव्हीवर पैशाचं डीटीएच घ्यायचं झालं तर ते या स्प्लिटरवर चालणार नाही, त्याला वेगळी डिश.

---

खालची_आळी

आणि चॅनलांबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर एप्रिलमध्ये पुन्हा इथे धागा निघेल. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या ई-लिलावात जागा विकत घेऊन येतात आणि वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं. त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेहमीची एखादी मराठी वाहिनी गायब झाली तर डिशला हात लावू नका, क्वालिटी बघा, ती तशीच असेल तर पुन्हा स्कॅन करा आणि जी गेली ती गेली. मार्च २०१९ ला आणि पुन्हा एप्रिल २०२२ ला चार मोठ्या समूहांनी आपापल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या अशाच काढून घेतल्या होत्या. डिश त्या दिवशीही सरळच होती!

तुम्ही एमपीईजी-४ बॉक्स घेतलात ते बरं केलंत. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ मधल्या वाहिन्या उघडतच नाहीत, आवाज नाही, चित्र नाही. बाजारात स्वस्तात मिळतात म्हणून ते अजून लोक घेतात.

क्रिकेटचं एक गणित लोकांना माहीत नसतं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठीच, खासगी केबल-डीटीएचवर जाणाऱ्या दूरदर्शनच्या वाहिनीवर नाही. म्हणून तोच सामना डीडी स्पोर्ट्सवर तुमच्याकडे दिसेल आणि पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याकडे त्याच क्रमांकावर दुसरंच काही चाललेलं असेल. आयपीएल मात्र यात धरू नका.

महिन्याचा खर्च शून्य. पैशाच्या सेवेत फेब्रुवारी २०१९ पासून नुसत्या जोडणीचे कमाल १३० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वाहिन्यांचे वेगळे अशी घडी होती. ती १३० ची मर्यादाही जुलै २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने उठवली. ज्यांना ठरावीक मालिकाच पाहिजेत त्यांना फ्री डिश पुरणार नाही, हेही खरं.

---

चिऱ्याचं_घर

जोड कापला, सलग ३१ मीटर केबल टाकली. भारावर १२.७ व्होल्ट. क्वालिटी ६८, दोन्ही टीव्हींवर. गोठणं थांबलं. आता फक्त पावसाची तयारी विचारते.

---

स्क्यू_४५

६८ छान आहे. मोठ्या सरीत चित्र जाईलच, केयू बँडचा (डीटीएचच्या लहरींच्या पट्ट्याचा) तो स्वभाव आहे, सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. तेवढ्यासाठी डिश हलवायची नाही. पावसात हलवलेली डिश उन्हात चुकीची ठरते. पण रिमझिमीतच जात असेल तर ७५ किंवा ९० ची डिश घ्या, ७५ ने दोन डीबीच्या जरा खाली मिळतात.

चिऱ्यात अँकर फास्टनर विश्वासाचे नाहीत. जांभा मऊ असतो, फास्टनर फुगला की आतला दगड भुगा होऊन दोन पावसाळ्यांत सैल पडतो. आरपार बोल्ट घ्या, आतून चौकोनी लोखंडी पट्टी किंवा मोठा वॉशर. खास करून दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका. शेवटचं आवळल्यावर क्लॅम्प आणि पाइप यांवर ऑइल पेंटची आडवी-उभी खूण करून ठेवा. वानरांनी झोका घेतला की दोन मिनिटांत मूळ जागी आणता येते.

एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी बघा. तडा असेल तर पाणी आत जातं आणि एलएनबी बदलावाच लागतो. कनेक्टरवर नुसती काळी इन्सुलेशन टेप पुरत नाही, पहिल्या उन्हात डिंक वाहून जातो. स्वतःत चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा म्हणजे पदरांत पाणी शिरत नाही. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून पडेल. नाहीतर ते केबलवरून थेट टीव्हीच्या मागे येतं.

वळवाच्या विजांसाठी पाइप ८ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या किंवा जीआय तारेने अर्थिंगला जोडा, पण वादळ दिसलं की दोन्ही टीव्हींच्या केबली काढून ठेवायच्या, त्याला पर्याय नाही. नुसता प्लग काढून उपयोग नाही, वीज केबलमधूनही येते.

एक उरलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास चित्र काही मिनिटं जाईल. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर फणसाची सावली पडते का बघा. सावली पडली तर तीच फांदी उपग्रहाच्याही आड आहे, आणि नेमकी कुठली तोडायची ते तेवढ्या पाच मिनिटांत समजेल. आत्ता मे महिन्यात हे जमणार नाही, सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला आहे.